मिठागरातला उघडा माइक

१

दुपारी ऑली झोपला की ट्रिशा बंदूक हातात घ्यायची.

हे वाक्य तिने एकदा सासूसमोर, म्हणजे ॲडेलिनममांसमोर, मोठ्या ऐटीत म्हणून पाहिलं होतं. ममा हसल्या नाहीत. "आधी लंगोट वाळत घाल," म्हणाल्या, "मग कर लढाई."

वर्तकनगरातलं त्यांचं घर जुन्या कॉलनीतलं, दुसऱ्या मजल्यावरचं. आतल्या खोलीत स्लॅबच्या हुकाला स्प्रिंगचा पाळणा टांगलेला. त्याची दोरी दारातून बाहेरच्या खोलीत आणलेली. ट्रिशा दिवाणावर बसायची, दोरीचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि दोन्ही हातांनी फोन धरायची. उजव्या कानात इअरफोन, डावा कान मोकळा. एक कान गेमला, एक कान लेकराला. सात महिन्यांत तो मोकळा कान इतका तयार झाला होता की तिला आत वाकून बघावंही लागत नसे. पाळण्यात ऑली असला की स्प्रिंग खाली जाताना कण्हायची. पाळणा रिकामा असला की वर येताना टिकटिकायची. कण्हणं म्हणजे सगळं ठीक.

गेमचं नाव 'खिंडार'. चार जणांची टोळी, एक नकाशा आणि शेवटपर्यंत जगायचं. ट्रिशा गरोदरपणात घरी बसली तेव्हा ऑफिसातल्या करिश्माने तिला हे व्यसन लावलं होतं. करिश्मा दिवा गावची, आगरी. तिचं बोलणं गोळीबारातही ऐकू यायचं.

"काय गो, केल्यास उठाबशा?" ती माइकवरून ओरडायची. कारण कोणी ओळखीचं दिसलं की ट्रिशाचा गेममधला गडी दोनदा खाली बसून उठायचा आणि डावीकडे एक गिरकी घ्यायचा. हा तिचा नमस्कार. या उठाबशांच्या नादात ती कितीदा तरी मेली होती, पण सवय जात नव्हती.

गणपतीनंतर कंपनीने मोठं अपडेट आणलं आणि गेमची रया गेली. आधी सगळ्यांना फुकट असलेले कपडे काढून घेतले आणि तेच रंग बदलून 'सोनेरी पास'मध्ये विकायला ठेवले. बंदुका बंद पेट्यांमध्ये गेल्या. पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशीब. शत्रूच्या पावलांचा आवाज आधी सगळ्यांना स्वच्छ ऐकू यायचा. आता तो पासवाल्यांनाच, 'तीक्ष्ण कान' या नावाखाली. बाकीच्यांना उशीत तोंड खुपसून चालल्यासारखा.

"म्हणजे आता कानांचेपन पैशे?" करिश्मा भडकली होती. "उद्या डोल्यांचे मागतील."

आणि मिठागर काढून टाकलं. गेममधला सगळ्यात जुना नकाशा. पांढरे वाफे, मोडका बांध, कडेला कौलारू कोठी. दोघी नेहमी तिथेच उतरायच्या. यादीत त्याचं चित्र राखाडी झालं आणि खाली ओळ आली: मिठागर सध्या विश्रांती घेत आहे.

"मिठागराला विश्रांती!" ट्रिशा म्हणाली. "सात महिने झाले, मला नाही कोणी दिली."

पास घ्यायचा नाही, असं तिने ठरवलं. तत्त्व म्हणून. तत्त्वं परवडतात अशा फार थोड्या गोष्टी तिच्या आयुष्यात उरल्या होत्या.

२

सप्टेंबर सरता सरता एका दुपारी तिचा अंगठा चुकून त्या राखाडी चित्रावर पडला आणि चित्र उघडलं.

तिला आनंदच झाला. कंपनीच्या कारभारात कुठेतरी दार लोटायचं राहिलं असणार. वाफे तसेच होते. ऊन तसंच. माणूस मात्र नाही. ती बांधावरून चालायला लागली आणि स्वतःची पावलं ऐकून थबकली. करकर, करकर. मिठावरची स्वच्छ पावलं, पैसे न देता. चुकून मिळालेल्या गोष्टीला जेवढं जपावं तेवढी जपून ती चालली.

कोठीच्या दारात एक गडी पाठमोरा उभा होता. अंगात तो मळका, पहिल्या दिवसापासूनचा फुकटचा सदरा. तो सदरा आता कोणाकडेच नव्हता. डोक्यावर नाव नव्हतं, फक्त माइकचं हिरवं चिन्ह, पेटलेलं. कोणीतरी माइक बंद करायला विसरलं होतं.

हे नवं नव्हतं. उघड्या माइकमधून लोकांची घरं ऐकू येतात, कुठे फोडणी, कुठे नवराबायकोचं भांडण. या माइकमधून एक खोली ऐकू येत होती. पंखा, एका पात्याला अडखळणारा. त्याच्या मागे स्प्रिंग, खाली जाताना कण्हणारी. आणि मधूनमधून कोरडी, बारीक सळसळ, वाऱ्यावर कागद हलावा तशी.

ट्रिशाने वर बघितलं. त्यांचाही पंखा अडखळतच होता.

आपलाच माइक आपल्याला परत ऐकू येतोय, तिने ठरवलं. तिने माइक बंद केला. खोली ऐकू येतच राहिली.

तिने दोनदा बसून-उठून नमस्कार केला. गडी हलला नाही.

३

"इको असेल," रात्री जेवताना ब्रँडन म्हणाला. नवरा भिवंडीच्या गोदामात सुपरवायझर होता, त्या दिवशी ट्रॅफिकमध्ये अडकून अर्धमेला होऊन आलेला. "सर्व्हर स्लो असला की होतं तसं."

"माइक बंद होता माझा."

"तुला वाटलं असेल, बंद आहे."

हे खरंही असू शकत होतं. गेल्या आठवड्यात तिने दुधाची पिशवी कपाटात आणि चार्जर फ्रीजमध्ये ठेवला होता. काळजी हा तिचा मूळ स्वभाव. बाळंतपणानंतर तर ती ऑलीच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासायची, आणि मग आपण बोट धुतलं होतं का, याची काळजी करायची. स्वतःच्या डोक्यावर विसंबायचं कितपत, हा प्रश्न तिने केव्हाच पुढे ढकलला होता.

"ते सोड, त्या पोपड्याचं बघ ना," तिने विषय बदलला. आतल्या खोलीच्या छताला, वरच्यांच्या बाथरूमची ओल उतरून, हुकाशेजारी पोपडा धरला होता.

"बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, ट्रिश. आता कशाला प्लास्टर?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मिठागरात गेली. नुसतं बघायला. गडी तिथेच, पाठमोरा. त्या खोलीत भंगारवाला आला. "ए भंगाऽऽर," लांबून, मग जवळ, मग पुन्हा लांब. तिचा मोकळा कान शांत होता. गल्लीत कोणी नव्हतं.

तिने गेम बंद केला, ऑलीची दुपटी घडी केली, बाटल्या उकळत ठेवल्या. तेवढ्यात खालून हाक आली. "ए भंगाऽऽर." तोच गळा, तसाच शेवटी चिरकलेला.

भंगारवाला रोज येतो, ट्रिशा, तिने स्वतःला समजावलं. रोज तसाच ओरडतो.

पुढच्या दुपारी इअरफोनमध्ये स्टीलचं झाकण पडलं आणि गोल गोल फिरत, घरंगळत, बऱ्याच वेळाने निजलं. ती उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. सगळी झाकणं फळीवर होती. पायातली दोरी ओढली गेली म्हणून ती परत फिरली. तेवढ्यात ममा कुरकुरत तिच्या बाजूने आत गेल्या, डबा काढला, आणि झाकण पडलं. ट्रिशा दारातच उभी राहिली आणि ते निजेपर्यंत ऐकत राहिली. तिला त्याचा शेवट पाठ होता.

"काय बगते नुसती? उचल की," ममा म्हणाल्या.

प्रतिध्वनी आवाजाच्या आधी येत नाही. हे तिला शाळेपासून ठाऊक होतं.

४

तिने करिश्माला सांगितलं.

"मला तर मिठागर बंदच दिसतंय गो," करिश्मा म्हणाली. "तुझा फोन जुना, तुला जुनं दिसतं. एवढा घोर नको करू. आपल्या सगल्यांच्याच घरांत दुपारची सारखीच कटकट असते. पंखा, पोर, सासू. माझा माइक लावलास तरी हेच ऐकशील, वर टँकरवाल्याच्या शिव्या."

ट्रिशाला बरं वाटलं. आणि एक गोष्ट होतीच की. सळसळ. त्या खोलीत ती कोरडी सळसळ सतत होती आणि ट्रिशाच्या घरात असं सळसळणारं काहीही नव्हतं. म्हणजे ती खोली दुसऱ्या कोणाची. या एका सळसळीला तिने घट्ट धरून ठेवलं. आपण वेडे नाही, याचा पुरावा म्हणून.

शुक्रवारी ती शेवटचं म्हणून गेली. ऊन, वाफे, पाठमोरा गडी. पंखा, स्प्रिंग, सळसळ. तिच्या अंगठ्यातली दोरी आणि तिकडची स्प्रिंग एकाच लयीत चालली होती. ही गोष्ट लक्षात आली तशी तिने पाय थांबवला. तिकडची थांबली नाही.

मग तिकडे धप्प झालं.

मोठा आवाज नव्हता. ओल्या मातीचं ढेकूळ बादलीत पडावं तसा. स्प्रिंग एकदाच खोल कण्हली आणि गप्प झाली. सळसळ चालू होती. पंखा चालू होता. बाकी काही नव्हतं, आणि ते बाकी काही नसणं लांबत गेलं. मग फोन खाली पडल्याचा खडखडाट, पळणारी अनवाणी पावलं, अतिशय स्वच्छ. त्यानंतर एक आवाज आला. तो कसला होता, हे ट्रिशाने पुढे कधीही, कोणालाही सांगितलं नाही.

तिने इअरफोन ओढून काढला. तिच्या घरात स्प्रिंग शांत लोंबत होती. आत ऑली तोंड उघडं टाकून झोपला होता. तिने नाकाशी बोट धरलं. मग दुसरं धरलं.

आपल्या घरात सळसळ नाही, ती स्वतःला म्हणाली. आपल्या घरात सळसळ नाही.

५

रविवारी आगेरा होता. नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेऊन देवाचे आभार मानायचे, आशीर्वाद दिलेली कणसं घरी आणायची. कॉलनीत शेत कोणाचंच उरलं नव्हतं. पण ममांच्या माहेरी उत्तनकडे अजून चार वाफे होते आणि दर वर्षी तिथून जुडी यायची. ट्रिशा नऊवारी लुगडं नेसून, ऑलीला कडेवर घेऊन मिरवणुकीत चालली. बँडवाल्यांनी जोर लावला, ऑली खिदळला.  वेदीसमोर तिने मनापासून आभार मानले. कशाचे, ते तिला नीट सांगता आलं नसतं. आहे त्याचे.

सोमवारी दुपारी करिश्माने हाक दिली. साधा सामना, नवा नकाशा, भरपूर माणसं. ट्रिशाला तेच हवं होतं. ऑलीला पाळण्यात घातलं, दोरी अंगठ्यात, इअरफोन उजव्या कानात.

"डावीकडे एक आहे गो, गच्चीवर! मार ना!"

ट्रिशाने नेम धरला. स्प्रिंग कण्हत होती. पंखा अडखळत होता.

आणि सळसळ होत होती.

तिने इअरफोनचा आवाज कमी केला. सळसळ कमी झाली नाही. तिने इअरफोन काढला. सळसळ डाव्या कानात होती. मोकळ्या कानात.

"ममा," ती म्हणाली.  "आत काय हलतंय?"

"कणसं," ममा खिडकीशी लसूण सोलत म्हणाल्या. "आगेऱ्याची जुडी मी पाळण्याच्या साखळीला बांधली. दर वर्षी घरच्या वेदीपाशी लावतो, पण म्हटलं या वर्षी पोर आहे, तर पोराच्या डोक्यावर..."

पुढचं ट्रिशाने ऐकलं नाही. दोरी अंगठ्यातून सुटायच्या आधीच ती धावली, दारात अडखळली, गुडघ्यावर आदळली, उठली. पाळण्यात हात घालून तिने ऑलीला उचललं तेव्हा त्याने डोळे उघडून रागाने तिच्याकडे बघितलं आणि तो रडायला लागला.

काही झालं नाही.

ती बाहेरच्या खोलीत येऊन भिंतीला टेकली. दिवाणावर पडलेल्या इअरफोनमधून करिश्मा ओरडत होती, "अगो मारलान ना मला! कुठं गेलीस तू?"

"झोपलेलं पोर उचललंस?" ममा सुरी घेऊनच उठल्या. "वेड लागलंय तुला? आत्ता कुठं त्याचा डोळा लागलेला! तो मोबाइल फेकून देते की नाय बघ. घाल त्याला परत."

"नाही घालणार."

"मी घालते, दे."

"ममा, तुमच्या पाया पडते. नको."

ममा तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेतून ट्रिशाने स्वतःला पाहिलं. विस्कटलेली, गुडघ्यातून रक्त येतंय, रडणारं पोर करकचून धरलेलं. उद्या ब्रँडन हळू आवाजात डॉक्टरांचं नाव काढेल. काढू दे. पंखा फिरत होता. स्प्रिंग रिकाम्या पाळण्याला घेऊन टिकटिकत होती. सगळं किती साधं होतं. तिला स्वतःची लाज वाटायला लागली. घालूया परत, असं तिच्या अगदी ओठावर आलं.

धप्प झालं.

मोठा आवाज नव्हता. ओल्या मातीचं ढेकूळ बादलीत पडावं तसा. स्प्रिंग एकदाच खोल कण्हली.

ममांनी आत जाऊन बघितलं, मागोमाग ट्रिशानेही. हुक जागेवर होता, साखळी जागेवर, जुडी जागेवर. पाळण्यात, उशीवर, जिथे डोकं असतं तिथे, छताचा पाटाएवढा तुकडा पडला होता. ममांनी छातीवर क्रूस काढला. मग त्या तिथेच खाली बसल्या आणि ट्रिशाच्या पावलांना धरून राहिल्या. ट्रिशा ऑलीला घेऊन त्यांच्याशेजारी खाली बसली. ऑली रडत होता. भरपूर, संतापून, पोट भरून रडत होता. असं सुरेख रडणं तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

६

ब्रँडनने त्याच संध्याकाळी गवंडी आणला. ऑली आता खाली गादीवर झोपतो, छत सगळं ठोकून झालंय, तरी वर मच्छरदाणी आणि तिच्या वर ट्रिशाची नजर. ममा तिला सुनेपेक्षा जास्त काहीतरी समजतात आणि लंगोट स्वतः वाळत घालतात. "तुला कसं कळलं गो बाय?" हे त्यांनी एकदाच विचारलं.

"ऐकू आलं," ट्रिशा म्हणाली. त्यांनी देवाचं म्हणून समजून घेतलं. तिने समजू दिलं.

पण आभार मानायचे राहिले होते. ते कुठे मानायचे, हे फक्त तिला माहीत होतं. आठवडाभर ती फोनकडे बघायची आणि बाजूला ठेवायची. मग एक दुपार अशी आली की आभार न मानणं जास्त भीतीचं वाटायला लागलं.

गेमने आधी अपडेट मागितलं. 'मिठागर परत येतंय! नव्या रूपात! फक्त सोनेरी पाससाठी!' चित्रात मीठ हिऱ्यासारखं चमकत होतं. कोठी नव्हती, तिच्या जागी दुकान होतं. तिने 'नंतर' दाबलं.

जुनं मिठागर उघडलं. पांढरे वाफे, तेच ऊन. कोठीच्या दारात तो मळका सदरा, पाठमोरा. हिरवं चिन्ह पेटलेलं.

आत पंखा होता. सळसळ होती. आणि स्प्रिंग. वर येताना टिकटिकत होती.

 टिक, टिक, टिक. कोणीतरी दोरी ओढत होतं. थांबत नव्हतं. तिने वाट पाहिली, भंगारवाल्याची, झाकणाची, उद्याच्या कुठल्यातरी आवाजाची. काही आलं नाही. तिकडे आता पुढचं काही घडतच नव्हतं.

तिला नमस्कार करायचा होता. तिने अंगठा उचलला, अजून टेकवलाही नव्हता, आणि दारातला गडी दोनदा खाली बसून उठला. मग डावीकडे त्याने एक गिरकी घेतली. गिरकीच्या मध्यावर, निमिषभर, तो तिच्याकडे तोंड करून होता.

तिने फोन पालथा घातला. बऱ्याच वेळाने सुलटा केला, तेव्हा तो पुन्हा पाठमोरा होता. टिक, टिक, टिक.

आता शहाण्या बाईने गेम काढून टाकला असता. ट्रिशाने गादीवरून ऑलीला उचलून मांडीवर घेतलं.  त्या पहिल्या दुपारी बंद केलेला आपला माइक तिने मिठागरात पुन्हा सुरू केला.  "थँक्यू" म्हणाली, पण तो शब्द फार अपुरा वाटला. मग तिने ऑलीच्या पोटावर तोंड ठेवून फुर्रर्र केलं. ऑली खदखदून हसला.

तिकडची स्प्रिंग थांबली.

पंखा चालू होता, सळसळ चालू होती. दोरी कोणीतरी हातात धरून ठेवली होती. त्या रिकाम्या पाळण्यापाशी कोणीतरी ऐकत होतं.

तेव्हापासून तिने अपडेट घेतलेलं नाही. जुन्या गेममधून करिश्माबरोबर खेळता येत नाही, त्यावरून करिश्मा रोज मेसेजवर शिव्या घालते. कंपनी कधीतरी हेही दार बंद करेल, तेव्हा करेल. तोवर दुपारी ऑली जागा झाला की ट्रिशा त्याला मांडीवर घेते, मिठागर उघडते, फोन भिंतीला टेकवून ठेवते आणि माइक चालू ठेवते. स्वतः इअरफोन लावत नाही, फोनचा आवाजही बंद ठेवते. पडद्याकडे फारसं बघतही नाही. आणि ऑलीला घट्ट धरून, तो हसेपर्यंत गुदगुल्या करते.